गमिकवत्त आणि संगणक-समूह : नोड बंद करण्याचे धोरण

विनयपिटकातील चुल्लवग्गात 'वत्तक्खंधक' नावाचा एक विभाग आहे. त्यात गहन तत्त्वचर्चा नाही. विहारात नव्याने आलेल्या भिक्षूने कसे वागावे, भोजनगृहात कसे बसावे, अशा नित्याच्या वर्तनाचे ते नियम आहेत. त्यांतच विहार सोडून जाणाऱ्या भिक्षूचे, म्हणजे 'गमिका'चे, कर्तव्य सांगितले आहे. हा नियम का करावा लागला, तेही तेथे नोंदविले आहे. काही भिक्षू लाकडी व मातीचे सामान न आवरता, दारे-खिडक्या उघड्या टाकून, कोणालाही न विचारता निघून जात. त्यामुळे सामान नष्ट होई आणि निवास अरक्षित राही.

म्हणून नियम असा झाला, की निघण्यापूर्वी सामान आवरावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निवास कोणाकडे तरी सोपवून निघावे. भिक्षू असेल तर त्याला विचारावे, भिक्षू नसेल तर श्रामणेराला, श्रामणेर नसेल तर आरामिकाला, म्हणजे विहाराची व्यवस्था पाहणाऱ्याला. आणि कोणीच नसेल तर? तर चार दगडांवर मंचक ठेवावा, त्यावर दुसरा मंचक, त्यावर बाकीचे सामान रचून मग निघावे. छप्पर गळत असेल तर शक्य असल्यास ते शाकारावे, नाही तर न गळणाऱ्या कोपऱ्यात सामान ठेवावे. सगळेच छप्पर गळत असेल आणि सामान गावात नेणेही शक्य नसेल, तर उघड्यावर दगडांवर रचून गवताने किंवा पानांनी झाकावे. निदान त्याचे काही भाग तरी शिल्लक राहतील.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा भाग वाचला, तर त्याला तो ओळखीचा वाटेल. अनेक संगणक एकत्र जोडून केलेल्या समूहातील एखादा संगणक बंद करायचा असेल, तेव्हा नेमके हेच प्रश्न उभे राहतात. त्याच्याकडचे काम कोणाकडे सोपवायचे? ज्याच्याकडे सोपवायचे तोच उपलब्ध नसेल तर काय? वेळच उरला नसेल, तर निदान काय वाचवायचे? या प्रश्नांची आधीच ठरवून ठेवलेली उत्तरे म्हणजे नोड बंद करण्याचे धोरण. प्रस्तुत लेखात त्या धोरणाचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. जाळ्याने एकमेकांना जोडलेले व एकाच मोठ्या कामाचे तुकडे वाटून घेणारे संगणक म्हणजे 'क्लस्टर' आणि त्यातील प्रत्येक संगणक म्हणजे 'नोड'. 1994 साली अमेरिकेतील नासा या संस्थेत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात सहज मिळणारे साधे संगणक जोडून 'बिओवुल्फ' नावाचा समूह उभा केला, आणि महागड्या महासंगणकाला स्वस्त पर्याय मिळाला. त्याच्याही आधी, 1991 मध्ये, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 'परम 8000' हा अनेक प्रक्रियकांना एकत्र राबविणारा महासंगणक तयार केला होता. आज हवामानाचा अंदाज, औषधांचे संशोधन, बँकांचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण ही सर्व कामे कोठे ना कोठे अशा समूहांवरच चालतात. घरातला एखादा संगणक बंद केला, तर त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचीच गैरसोय होते. समूहातील नोड चुकीच्या वेळी बंद केला, तर त्याचा फटका ज्याला बसतो, त्याने तो नोड कधी पाहिलेलाही नसतो.

मग नोड बंद तरी का करायचा? दुरुस्ती, नवी आज्ञावली घालणे ही कारणे उघड आहेत. परंतु सर्वांत रोजचे कारण आहे वीज. बारोसो व होल्झ्ले या गूगलच्या दोन अभियंत्यांनी 2007 साली एका निबंधात दाखवून दिले, की त्या काळचा सर्व्हर काहीही काम करीत नसतानाही पूर्ण भाराच्या वेळी लागते तिच्या जवळजवळ निम्मी वीज खात असे, आणि बहुतेक सर्व्हर आपल्या क्षमतेच्या 10 ते 50 टक्के एवढेच राबत असत. नंतरची यंत्रे या बाबतीत सुधारली, पण रिकामा सर्व्हर फुकट बसतो असे आजही म्हणता येत नाही. हिशेब सोपा आहे. रिकामा नोड 100 वॅट वीज खातो असे धरा. असे 100 नोड रात्रीचे 12 तास नुसते जागे राहिले, तर 120 युनिट वीज जाते. त्यांची उष्णता बाहेर काढणाऱ्या वातानुकूलनाचा खर्च याहून वेगळा.

तेव्हा रिकामा दिसला की नोड बंद करावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी, की बंद होण्यास व पुन्हा सुरू होण्यासही वीज लागते, आणि पुढचे काम केव्हा येईल हे कोणास ठाऊक नसते. समजा, बंद-चालूच्या पूर्ण फेऱ्यात तीन मिनिटे 200 वॅट, म्हणजे 36,000 ज्यूल ऊर्जा खर्च होते. रिकामा नोड 100 वॅटने तेवढी ऊर्जा सहा मिनिटांत खातो. पुढचे काम सहा मिनिटांच्या आत येणार असेल तर नोड चालू ठेवणे फायद्याचे. उशिरा येणार असेल तर तत्काळ बंद करणे फायद्याचे. पण भविष्य दिसत नसताना काय करावे?

याचे उत्तर फार सुंदर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. उत्तर असे, की बरोबर सहा मिनिटे वाट पाहावी आणि मग बंद करावे. काम सहा मिनिटांच्या आत आले, तर आपला खर्च भविष्य जाणणाऱ्याच्या खर्चाइतकाच झाला. काम त्यानंतर आले, तर आपण वाट पाहण्यात 36,000 व बंद-चालू करण्यात 36,000, असे एकूण 72,000 ज्यूल खर्च केले. भविष्य जाणणाऱ्याने नोड लगेच बंद करून 36,000 मध्येच भागविले असते. म्हणजे नशीब कितीही वाईट असले, तरी आपला खर्च सर्वज्ञाच्या दुपटीपलीकडे जात नाही.

आता हीच प्रतीक्षा दोन मिनिटांवर आणून पाहा. दोन मिनिटांनी नोड बंद केला आणि त्याच क्षणी काम आले, तर आपला खर्च 12,000 अधिक 36,000, म्हणजे 48,000. सर्वज्ञाचा खर्च फक्त 12,000. आपण चौपट खर्च केला. उलट बारा मिनिटे वाट पाहिली, तर आपला खर्च 72,000 अधिक 36,000, म्हणजे 1,08,000, आणि सर्वज्ञाचा 36,000, म्हणजे तिप्पट. अतिउतावीळ व अतिसबुरी या दोन्हींत तोटा आहे, आणि मधला बिंदू नेमका कोठे आहे हे गणिताने सांगता येते. मध्यम मार्गाची आठवण होणाऱ्या वाचकास मी अडवणार नाही. मात्र हा बिंदू दोन टोकांच्या मध्यावर नसून, बंद-चालूचा खर्च व रिकामे बसण्याचा खर्च जेथे सारखे होतात तेथे आहे. प्रत्येक यंत्रासाठी तो वेगळा येतो आणि मोजूनच काढावा लागतो.

प्रत्यक्षात यात आणखी काही गोष्टी मिसळतात. नोड जागा होईपर्यंत ताटकळणाऱ्या माणसाच्या वेळेलाही किंमत असते. वारंवार बंद-चालू केल्याने यंत्राची झीज होते. शिवाय शंभर नोड एकाच क्षणी जागे केले, तर विजेची मागणी एकदम उसळते आणि मुख्य स्विचच पडू शकतो. म्हणून महासंगणकांवर कामांची वाटणी करणाऱ्या 'स्लर्म' या प्रसिद्ध आज्ञावलीत एका मिनिटात किती नोड निजवायचे व किती उठवायचे यावर मर्यादा घातलेली असते. मूळ मांडणीत ती निजविण्यासाठी मिनिटाला 60 व उठविण्यासाठी 300 अशी आहे. कधीच निजवू नयेत अशा नोडांची यादीही तीत देता येते.

येथवर रिकाम्या नोडाचा विचार झाला. खरा प्रश्न आहे तो कामात असलेल्या नोडाचा.

त्याला निरोप देण्याचा क्रम गमिकवत्तासारखाच आहे. पहिली पायरी म्हणजे दार लावणे : या नोडाकडे नवे काम पाठवू नये, असे समूहाच्या नियंत्रकास सांगणे. दुसरी पायरी म्हणजे रिता करणे : हाती असलेले काम पूर्ण होऊ देणे किंवा दुसरीकडे हलविणे. 'कुबेरनेटीस' या आज प्रचारात असलेल्या व्यवस्थेत नोडावरील प्रत्येक प्रक्रियेला आधी आवरते घेण्याचा संकेत दिला जातो. त्यानंतर, वेगळे काही सांगितले नसेल तर, 30 सेकंद वाट पाहिली जाते, आणि तरीही प्रक्रिया थांबली नाही तर ती सक्तीने संपविली जाते. हे 30 सेकंद कोणत्याही शास्त्राने ठरविलेले नाहीत. संकेतस्थळाचे एखादे पान देणाऱ्या प्रक्रियेला ते भरपूर आहेत. हजारो नोंदी लिहीत असलेल्या माहितीकोशाला ते अपुरे पडू शकतात. धोरण आखणाऱ्याने आपल्या प्रत्येक सेवेला आवरण्यास किती वेळ लागतो हे मोजावे आणि मगच मुदत लिहावी. मूळ मांडणीतला आकडा तसाच राहू देणे म्हणजे धोरण नसणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती साठविणाऱ्या नोडांना याहून मोठी काळजी घ्यावी लागते. 'हडूप' या व्यवस्थेत माहितीच्या प्रत्येक खंडाच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवतात. एखादा नोड कायमचा काढायचा असेल, तर आधी त्याच्याकडील खंडांच्या नव्या प्रती इतर नोडांवर तयार होतात आणि मगच त्यास निरोप मिळतो. जो नोड न सांगता गेला त्याची गोष्ट निराळी. प्रत्येक नोड दर तीन सेकंदांनी 'मी आहे' असा संदेश पाठवितो. मूळ मांडणीनुसार हे संदेश साडेदहा मिनिटे आले नाहीत, तरच तो मृत समजला जातो. एवढा उशीर का? कारण मृत घोषित करताच त्याच्या सर्व माहितीच्या प्रती नव्याने करण्याचे प्रचंड काम सुरू होते. जाळ्यातील एखादी केबल मिनिटभर निखळली म्हणून एवढा भार समूहावर टाकणे परवडत नाही.

याच्याशी जोडलेला आणखी एक नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. कुबेरनेटीसमध्ये एखाद्या विभागातील 55 टक्के किंवा त्याहून अधिक नोड आजारी दिसू लागले, तर नियंत्रक त्यांच्यावरील कामे हलविण्याचा वेग एकदम कमी करतो. लहान समूहात तर हलविणे थांबवितोच. निम्म्याहून अधिक यंत्रे एकाच वेळी मरण्यापेक्षा पाहणाऱ्याची दृष्टीच अडली असण्याचा संभव अधिक, हा त्यामागील विचार आहे.

दीर्घ गणना हा याहून अवघड विषय. हवामानाचे किंवा रेणूंच्या रचनेचे गणित कित्येक दिवस चालते. सहाव्या दिवशी दुरुस्तीसाठी नोड बंद केला आणि मधली स्थिती कोठेही लिहून ठेवलेली नसेल, तर सहा दिवस वाया जातात. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यास महासंगणकावर मोजून तास मिळतात. त्याच्या दृष्टीने हे नुकसान विजेच्या बिलात मोजता येणारे नसते. यावर उपाय म्हणजे 'चेकपॉइंट' : ठरावीक काळाने गणनेची संपूर्ण स्थिती डिस्कवर लिहून ठेवणे. फार वारंवार लिहिले तर लिहिण्यातच वेळ जातो, फार क्वचित लिहिले तर बिघाडात जास्त काम बुडते. जॉन यंग यांनी 1974 साली यासाठी एक सूत्र दिले. एक नोंद करण्यास लागणारा वेळ व दोन बिघाडांमधील सरासरी काळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. तेवढ्या अंतराने नोंद करावी. नोंदीस 5 मिनिटे लागतात आणि सरासरी 24 तासांनी, म्हणजे 1,440 मिनिटांनी, बिघाड होतो असे धरल्यास गुणाकाराची दुप्पट 14,400 येते व वर्गमूळ 120. म्हणजे दर दोन तासांनी नोंद करावी. दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असे हे गणित आहे, आणि ते न केल्यामुळे वाया जाणारे तास थोडेथोडके नाहीत.

काही नोड एकत्र बसून निर्णय घेणारे असतात. कोणती माहिती खरी मानायची हे ते बहुमताने ठरवितात. पाच जणांचे असे मंडळ असेल तर तिघे हजर हवेत. दोघे बंद असले तरी काम चालते, तिसरा बंद होताच सगळे थांबते. संघकर्मासाठी किमान चार भिक्षू हवेत हा विनयाचा नियम ज्यांना माहीत आहे, त्यांना गणसंख्येची ही अट नवी वाटणार नाही. दुरुस्तीचे वेळापत्रक आखताना म्हणूनच नुसती 'एका वेळी दोन' अशी मर्यादा पुरत नाही. आधीच एक नोड बिघडून पडला असेल, तर त्या दिवशी एकच बंद करता येतो. मर्यादा किती बंद करायचे यावर नसावी, किती चालू उरले पाहिजेत यावर असावी.

याच्या उलट प्रसंगही येतो : नोड प्रतिसाद देत नाही, पण तो खरोखर बंद आहे की नाही हे कळत नाही. त्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि पहिला जिवंतच निघाला, तर दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागतात आणि माहितीचा चुराडा होतो. अशा वेळी दुसरा नोड पहिल्याची वीज दूरस्थ स्विचने तोडतो, ती तुटल्याची खात्री करतो आणि मगच काम हाती घेतो. या पद्धतीच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'दुसऱ्या नोडाच्या डोक्यात गोळी घाला' असा होतो. आपल्या वाचकांच्या कानांना हे नाव रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पद्धत मात्र आवश्यक आहे. नाव बदलून 'कुंपण घालणे' असेही म्हणतात, तेच वापरावे.

आता मुख्य वीजच गेली तर? महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या पिढीला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटे देतात, आणि त्या मिनिटांचे वाटप आधीच ठरलेले असावे लागते. प्रथम नवी कामे घेणे थांबवावे, मग चालू गणनांना स्थिती लिहून ठेवण्याचा संकेत द्यावा, मग गणना करणारे नोड बंद करावेत आणि माहिती साठविणारे नोड सर्वांत शेवटी. कारण उघड आहे : गणना करणारे नोड जाताना साठवणीच्या नोडांवरच लिहीत असतात. सुरू करताना हा क्रम उलटा : आधी जाळे, मग साठवण, मग गणना. वेळ अगदीच कमी असेल, तर कोणती गणना सोडून द्यायची आणि कोणती माहिती कोणत्याही परिस्थितीत वाचवायची, ही यादी तयार हवी. पानांनी झाकलेल्या सामानासारखे हे आहे. सगळे वाचणार नाही, हे धरूनच ती करावी लागते.

एक बाब मात्र पुष्कळदा राहून जाते. यूपीएसवर संगणक असतात, वातानुकूलन बहुधा नसते, कारण त्याचा भार बॅटऱ्यांना पेलत नाही. वीज गेल्यावर संगणक चालू राहतात आणि खोली तापू लागते. भर उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे हे किती वेगाने होते याची कल्पना करता येईल. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की प्रत्येक सर्व्हर स्वतःला वाचविण्यासाठी आपोआप बंद होतो, आणि तेव्हा कोणताही क्रम राहत नाही. म्हणून धोरणात तापमानाची मर्यादा यंत्राच्या स्वतःच्या मर्यादेहून बरीच खाली ठेवून, तेथेच टप्प्याटप्प्याने नोड कमी करण्यास आरंभ करावा. तसेच एकाच तापमापकावर विश्वास ठेवू नये. तीन ठेवावेत आणि दोघांचे एकमत झाल्यावरच हालचाल करावी. नाही तर एक बिघडलेला तापमापक थंडगार खोलीतला संपूर्ण समूह बंद पाडील.

असे धोरण नुसते लिहून भागत नाही. वर्षातून एकदा तरी, सर्वांना सूचना देऊन, ते खरोखर चालवून पाहावे लागते. अशा चाचणीत हमखास काही तरी निघते : बंद करण्याची सूचना देणारा संगणकच आधी बंद होतो, किंवा परवलीचे शब्द ज्या नोडावर ठेवलेले असतात तोच साठवणीबरोबर निजतो आणि पुन्हा सुरू करताना आत शिरण्याचा मार्गच उरत नाही. विद्यालयाच्या संगणक कक्षातील चार जुने संगणक जोडूनही हा प्रयोग करता येईल, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तो करावा असे मी सुचवीन. एकाला साठवणीचे काम द्यावे, तिघांना गणनेचे, आणि पाच मिनिटांत सर्व बंद करून पुन्हा उभे करून पाहावे.

बंद झालेला नोड परत येतो तेव्हा त्यालाही लगेच कामाला जुंपत नाहीत. त्याची स्मृती, डिस्क आणि घड्याळ आधी तपासावे लागते. घड्याळ मागे पडलेला नोड निमूटपणे चुकीच्या वेळेच्या नोंदी करीत राहतो. स्लर्मच्या मूळ मांडणीत प्रतिसाद न दिल्याने 'बंद' म्हणून नोंदलेला नोड पुन्हा बोलू लागला, तरी प्रशासक स्वतः सांगेपर्यंत त्याची नोंद 'बंद' अशीच राहते. रात्री दोन वाजता उठून ती मान्यता द्यावी लागणाऱ्यास हा नियम जाचक वाटतो, आणि तो बदलण्याची सोयही आहे. तरीही मी तो बदलत नाही. न सांगता गेलेला नोड का गेला होता हे कळल्यावाचून त्याच्या हाती कोणाची सहा दिवसांची गणना द्यावी, असे मला वाटत नाही.